मधल्या पाण्यातली मुलाखत

नाव नदीच्या मधोमध पोहोचली की सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागायचे. गेल्या पुरात टेकडीवरचा टॉवर आडवा झाला, तेव्हापासून दोन्ही काठांवर फोन म्हणजे नुसती चकाकणारी डबी होऊन बसली होती. पण नदीच्या मध्यावर, जिथे दोन टेकड्यांमधली फट बरोबर समोर येते, तिथे शहराकडचं नेटवर्क पाण्यावरून सरळ यायचं. त्या पट्ट्याला सगळे मधलं पाणी म्हणायचे. मधल्या पाण्यात लग्नं जुळायची, मोडायची, बांधाच्या भांडणाचे निकाल लागायचे, कुणाची तरी गाय विकली जायची. नावाडी वल्ही मारता मारता सगळं ऐकायचा आणि काठाला लागला की विसरायचा. निदान विसरल्यासारखं तोंड तरी करायचा.

एकच फोन त्याला विसरता येत नव्हता, त्याच्या थोरलीचा.

थोरली शिकून नर्स झाली होती. पूर ओसरला आणि मागोमाग जुलाबाची साथ आली, तेव्हा आरोग्य केंद्राने तिला कंत्राटावर घेतलं. शाळेची बाकं एकमेकांना जोडून खाटा केल्या होत्या. त्या खाटांमधून ती दिवसभर वाकून फिरायची. नावाडी पलीकडून माणसं आणायचा, ती इकडे उतरवून घ्यायची. बापलेकीचं दिवसदिवस बोलणं व्हायचं ते एवढंच, की डोक्याकडून धरा, पायाकडून धरा. मग साथ गेली आणि तिच्याबरोबर थोरलीची नोकरीही गेली. निरोप देताना केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "साथ आली की देशोदेशी पथकं पाठवणाऱ्या संस्था असतात. त्यांना तुझ्यासारखी माणसं लागतात. अर्ज करून बघ."

तेव्हापासून ती अर्ज करत होती. सकाळी पहिल्या फेरीला बापाबरोबर निघायची, मधल्या पाण्यात अर्ज पाठवायची आणि उत्तरंही तिथेच यायची. फोन टिंग करायचा. ती वाचायची, कपाळावर आलेले केस मागे सारायची आणि म्हणायची, "नाही म्हणाले." नावाडी म्हणायचा, "बरं." मग पुढचं वल्हं जरा जास्तच खोल जायचं.

गावात अशी गोष्ट लपून राहत नाही. चहाच्या टपरीवर पलीकडचा दूधवाला किटल्या उतरवून बसला होता. नावाडी दिसताच तो म्हणाला, "काय मालक, पोरगी परदेशात जाणार म्हणे. मग ही नाव कशाला ठेवताय? विमानतळच बांधा की काठावर."

टपरी हसली. नावाडीही हसला, कारण न हसून चालणार नव्हतं, आणि हसण्याच्या गडबडीत चहाने जीभ भाजून घेतली. संध्याकाळी बायकोने विचारलं, "जेवत का नाही?" तो म्हणाला, "जीभ भाजलीय." तेवढं खरं होतं.

बायको नावेची डागडुजी करायची. नाव काठावर पालथी घालून फटींत कापूस ठोसायची आणि वरून गरम डांबर सोडायची. तिचा हात असा, की तिने बुजवलेल्या फटीतून मुंगी शिरायची नाही. बोलणंही तसंच डांबरासारखं, गरम आणि चिकट. "इथे घराघरात आजारी पडलेत," ती थोरलीला ऐकवायची, "आणि तू जगाचं दुखणं काढायला निघालीस." पण केंद्रात थोरलीने साथीत काय काय केलं ते शेजारणींना तीच तिखटमीठ लावून सांगायची.

एका दुपारी मधल्या पाण्यात फोन टिंगला आणि थोरलीने केस मागे सारले नाहीत. ती नुसती बघत राहिली.

"नाही म्हणाले?" नावाड्याने विचारलं.

"मुलाखतीला बोलावलंय. उद्या सकाळी. फोनवरच, समोरासमोर दिसणारी." तिने फोनवरून मान वर केली. "बाबा, उद्या मी शहरात कशी पोहोचणार?"

शहराचा रस्ता पुरात खचला होता तो अजून तसाच होता. चिखलातून, आडवाटेने जायचं तर उद्याची संध्याकाळ झाली असती. मग थोरली हळूच म्हणाली, "इथेच द्यावी लागेल."

"किती वेळ चालते?"

"तासभर."

नावाड्याने पाण्याकडे पाहिलं. वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं होतं. नदी गढूळ, जड आणि घाईत होती. मधल्या पाण्याखाली सपाट खडक आहे, तिथे नांगर धरत नाही, नुसता खरवडत जातो. जड फेरीला आणि घाईला लावायचं इंजिन नावेला होतं, पण ते चालू ठेवावं तर त्याच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे परदेशातल्या माणसाला काय ऐकू जाणार. राहता राहिली वल्ही. नाव नदीपार नेणं ही रोजची गोष्ट. पण वाहत्या पाण्यात ती तासभर एका जागी उभी धरणं त्याने कधी केलं नव्हतं. कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं.

"धरतो मी," तो म्हणाला.

घरी बायकोने ऐकलं आणि डांबराची पळी खाली ठेवली. "तासभर? आणि तुमचा तो उजवा खांदा?"

"मुलाखत खांद्याची नाहीये, थोरलीची आहे."

सकाळी बायकोने त्याच्या दोन्ही तळव्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. नावेच्या मागच्या फळीवर घडीची चादर अंथरली. समोर पालथी बादली ठेवून थोरलीने तिच्यावर फोन सुतळीने बांधला, हलू नये म्हणून. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, मध्ये बोलायचं नाही. खोकायचंही नाही."

"श्वास घेऊ का?"

"हळू घ्या."

काठावर बायको उभी होती. नाव सुटली तशी ती एवढंच म्हणाली, "ताठ बस गं." मग जागची हललीच नाही.

मधल्या पाण्यात येऊन नावाड्याने नावेचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि वल्ही मारायला सुरुवात केली. वल्हवणाऱ्याची पाठ नावेच्या तोंडाकडे असते, त्यामुळे मागच्या फळीवर बसलेली थोरली बरोबर त्याच्या समोर होती. दोन्ही काठ त्याच्या नजरेत होते. आपल्या काठावरचं वाळकं झाड आणि पलीकडच्या काठावरचा पांढरा दगड, या दोघांच्या मधली रेघ त्याने डोळ्यांनी ओढून घेतली. त्या रेघेवरून हलायचं नाही, हे त्याचं आजचं काम.

फोनमधून माणसांचे आवाज आले. थोरली हसली, मान लववली आणि त्या परक्या भाषेत बोलायला लागली. नावाड्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण पोरीचा चेहरा तर वाचता येत होता. सुरुवातीला तिच्या मानेची शीर ताठ होती. मग प्रश्न साथीचा आला असावा, कारण तिचे हात बोलायला लागले. बाकं कशी जोडली, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना कशा टांगल्या, पाणी उकळायला कुणाला बसवलं, सगळं त्याला तिच्या हातांत दिसत होतं. ते त्याने स्वतः पाहिलेलं होतं. छाती अशी भरून आली की एक वल्हं उथळ गेलं.

तेवढ्यात एक भोवरा आला आणि नाव कलली. नावाड्याच्या तोंडून जन्माची सवय बाहेर पडली. "खाली बसा!" तो खणखणीत ओरडला.

थोरलीने डोळे मोठे केले. फोनमधून एका बाईचा आवाज आला, काहीतरी विचारणारा. थोरलीने उत्तर दिलं आणि फोनमध्ये हशा पिकला. नावाडी ओठ चावून वल्ही मारत राहिला. घालवली आपण पोरीची नोकरी, असं त्याला वाटलं. खांद्यातून कळ निघून कोपरापर्यंत येत होती आणि पट्ट्या ओल्या लागत होत्या. पण झाड आणि दगड अजून जागच्या जागी होते.

आणि मग त्याला पलीकडच्या काठावर फडकं दिसलं.

या नदीवर एक रीत होती. पलीकडून कुणी नुसता हात हलवला तर साधा उतारू, त्याने वाट बघायची. फडकं हलवलं तर आजारी माणूस. फडकं दिसलं की ताटावरून उठायचं, हातातलं टाकायचं आणि निघायचं, हा नावाड्याच्या घरचा कायदा. त्याच्या बापाने त्याला शिकवला होता आणि त्याने थोरलीला, ती नावेत नीट उभीही राहू शकत नव्हती तेव्हापासून. आज फडकं पांढरं होतं, जोरात हलत होतं, आणि थोरली फोनकडे बघत बोलत होती. तिला ते दिसत नव्हतं.

नावाडी वल्ही मारत राहिला. एकदा, पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा वल्हं पाण्यावरूनच घसरलं. नजर त्याने झाडावर खिळवली. थोडाच वेळ, त्याने मनाला समजावलं, एवढा प्रश्न संपू दे. आयुष्यात पहिल्यांदा तो फडकं बघून न बघितल्यासारखं करत होता, आणि ते त्याला खांद्याच्या कळेपेक्षा जास्त दुखत होतं.

मग हाक आली. पाण्यावरून आलेली लांबलचक हाक. थोरली बोलता बोलता थांबली. तिने मान वळवली.

"बाबा, फडकं आहे."

"तू बोल. बघतो मी."

"बाबा, वळवा."

"अगं, तुझी मुलाखत चाललीय."

"वळवा, नाहीतर मी येऊन वल्हं घेते." तिने फोनकडे बघून एक छोटं वाक्य म्हटलं, शांतपणे, दुकानात बसलेला माणूस आलो हं म्हणून उठतो तसं. नावाड्याने इंजिनाची दोरी ओढली. नाव मधल्या पाण्यातून बाहेर पडली आणि फोनमधले चेहरे होते तसेच गोठले, मग तेही गेले.

काठावर दूधवाला होता. पाठीवर त्याचा म्हातारा बाप, पिळून टाकलेल्या कपड्यासारखा. "पहाटेपासून जुलाबाचं चाललंय," तो म्हणाला. "थांबतच नाही. आता बोलतही नाहीत."

थोरलीने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, हाताची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली, पिशवीतली मीठसाखरेची पुडी पाण्यात सोडली. "बाबा, इकडे बघा," ती म्हाताऱ्याला म्हणाली, "एक घोट. बास, एकच. आता आणखी एक." परतताना मधल्या पाण्यात फोन टिंगला. तिने पाहिलं नाही. नावाड्याने पाहिलं आणि इंजिन आणखी वाढवलं.

दूधवाल्याची नजर बादलीवर बांधलेल्या फोनवर गेली. "हे काय आहे?"

"काही नाही," नावाडी म्हणाला. "बापाचे पाय धर."

म्हाताऱ्याला केंद्रात सलाइन लागली आणि दुपारपर्यंत तो शिव्या देण्याइतका बरा झाला. घरी बायकोने दोघांकडे पाहिलं. गरम पाण्याचं पातेलं घेऊन बसली आणि नवऱ्याच्या तळव्यांच्या पट्ट्या सोडवायला लागली. रक्ताने त्या कातडीला चिकटल्या होत्या.

"थोरले," नावाडी म्हणाला, "मी फडकं आधीच पाहिलं होतं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तुमचं वल्हं चुकलं. समोरच तर बसले होते मी." ती पातेल्यातलं पाणी बदलायला उठली. जाता जाता म्हणाली, "मी आधी पाहिलं असतं तर माझंही चुकलं असतं बाबा. थोडं तरी." बायकोने मध्येच सुनावलं, "हात हलवू नका, लागतंय तुम्हालाच." लागत कुणाला होतं ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

त्या दिवशी मधल्या पाण्यात आलेला निरोप असा होता, की संपर्क तुटला, पुढचं कळवू. पुढचं काही येईना. नावाडी रोज मधल्या पाण्यात थोरलीच्या कपाळावरच्या केसांकडे बघायचा. टपरीवर आता कुणी विमानतळाचं नाव काढत नव्हतं. नावाडी आला की दूधवाला उठून स्वतःचं स्टूल त्याच्याकडे सरकवायचा आणि नुसता उभा राहायचा. नावाड्याला ते टोमण्यापेक्षाही अवघड वाटायचं. थोरली मात्र अर्ज करतच राहिली. नोकरी शोधणं हीसुद्धा रोजची मजुरीच आहे, हे नावाड्याला आता कळलं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी, नाव माणसांनी भरलेली, मधल्या पाण्यात सगळ्यांचे फोन टिंगटिंगत असताना थोरलीचा फोन टिंगला नाही. तो वाजला. तिने उचलला, दोन शब्द ऐकले आणि उभीच राहिली.

"बाबा, तेच आहेत. राहिलेले प्रश्न आत्ता विचारू का म्हणतात."

नावाड्याने इंजिन बंद केलं. नाव पाण्याबरोबर वाहायला लागली तशी त्याने वल्ही पाण्यात घातली, पण भरलेली नाव त्याच्या एकट्याच्या खांद्याला ऐकेना. कुणीतरी शेजारून येऊन त्याला थोडं ढकललं आणि एक वल्हं हातातून काढून घेतलं. दूधवाला होता. "तुम्ही डावं धरा," तो म्हणाला. "झाड आणि दगड ना? त्या दिवशी काठावरून बघत होतो मी तुम्हाला. आधी कळेचना, हा माणूस जागच्या जागी काय करतोय."

मग नावेतल्या माणसांनी आपापली सोय लावली. कुणी दुधाच्या किटल्यांमध्ये गोणपाट कोंबलं, वाजू नयेत म्हणून. एका म्हातारीने आपल्या शेळीचं तोंड काखेत दाबून धरलं. एरवी ज्यांची तोंडं मिटत नाहीत अशी माणसं श्वास धरून बसली. थोरली मागच्या फळीवर बसून बोलत होती, आणि या वेळी तिच्या मानेची शीर ताठ नव्हती. बोलता बोलता त्या परक्या भाषेत एकदम 'बाबा' असा शब्द आला. नावाड्याने वर पाहिलं. थोरलीने फोन त्याच्याकडे वळवला होता.

फोनमध्ये एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि आपण नीट खाली बसलोय हे त्याला दाखवलं. त्याने मान हलवली, शहाण्या उतारूकडे बघून हलवतो तशी.

फोन बंद झाला. थोरलीने तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकून धरला.

"घेतलं," ती म्हणाली.

"म्हणजे?" दूधवाल्याने विचारलं.

"म्हणजे घेतलं. साथीच्या पथकात, नर्स म्हणून. पुढच्या महिन्यात निघायचं."

नावेत एकदम गलका झाला. म्हातारीच्या काखेतून शेळी सुटली आणि तीही ओरडायला लागली. नावाडी मात्र वल्हं मारतच होता, झाडाकडे एकदा आणि दगडाकडे एकदा बघत, नाव रेघेवर धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाबा," थोरली म्हणाली, "सोडा आता. झालं."

त्याने वल्हं सोडलं. नाव हळूच वळली आणि खालच्या अंगाला वाहत गेली, आणि कुणालाच घाई नव्हती.

टपरीवर नावाडी जो येईल त्याला सांगायला लागला, की पोरीने मुलाखत टाकून फडक्याला ओ दिली म्हणून त्यांनी तिला घेतलं. थोरलीने ऐकलं तेव्हा ती हसायला लागली. "तसं काही नाहीये बाबा. त्या दिवशी त्यांच्याकडचंही नेटवर्क गेलं होतं. सगळ्यांनाच परत विचारलं त्यांनी." नावाड्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर तेच सांगितलं. बायको तर सांगत होती की नाव गळली असती तर मुलाखत बुडाली असती, तेव्हा खरी करामत डांबराची. तेही काही खोटं नव्हतं.

निघायच्या दिवशी आईने थोरलीला काठावरच निरोप दिला. "जगाचं दुखणं काढ," ती म्हणाली, "पण स्वतः पाणी उकळून पी." मग नावेला एकच जोरात धक्का दिला आणि घराकडे चालायला लागली, मागे न बघता.

रस्ता दुरुस्त झाल्यापासून पलीकडच्या काठावर पुन्हा बस येऊन उभी राहायची. नावाड्याने बॅग वर नेऊन ठेवली आणि दोघं पांढऱ्या दगडावर बसले. "तिकडेही नदी आहे," थोरली म्हणाली. "मोठी. साथ तिथूनच आलीय."

"मग नावाडीही असेल."

"असेलच."

"त्याच्याशी नीट वाग. सगळी माणसं तोच आणत असणार." ती मान खाली घालून हसली. त्याला तिला सांगायचं होतं की माझी छाती दगडासारखी जड झालीय आणि तरी आज माझ्याएवढा ताठ माणूस या नदीवर दुसरा नाही. तो म्हणाला, "तू चांगली निपजलीस गं." एवढं त्याने तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात आपल्या काठावरून हाक आली. उतारू जमले होते, हात हलवत होते. इकडे बसनेही भोंगा दिला.

"बाबा, हाक आली."

"हो," तो म्हणाला. "तुलाही आली."

दोघंही उठले. ती वाकून पाया पडली, त्याने तिच्या डोक्यावर तळहात ठेवला, जखमा भरून आता निबर झालेला. ती बसच्या दारात जाऊन उभी राहिली. नावाड्याने नाव पाण्यात लोटली आणि इंजिनाच्या दोरीला हात घातला. मग थांबला. इंजिन लावलं की सुकाणू धरून पुढे तोंड करून बसावं लागतं. त्याने दोरी सोडली आणि वल्ही घेतली.

नाव हळूहळू काठापासून दूर निघाली. तो काठ, ती बस आणि बसच्या दारातली थोरली सगळं त्याच्या समोर होतं. मागे आपल्या काठावरून दूधवाला ओरडून विचारत होता, "काय मालक, इंजिन बिघडलं का?"

"इंजिन चांगलंय," नावाडीही तसाच ओरडून म्हणाला, मान न वळवता. "थांबा जरा. पोरगी दिसतेय अजून."